कोकणातल्या घराचं वायरिंग: मीटरपासून प्लगपर्यंत केबल आणि संरक्षण कसं निवडायचं

गावचं घर दुरुस्तीला काढलं की वासे, कौलं, लाद्या यांवर घरात आठवडेच्या आठवडे चर्चा होते, आणि वायरिंगचा विषय मात्र "चांगल्या कंपनीची वायर घाला" एवढ्यावर मिटतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या बाजूला हे परवडणारं नाही. इथली जमीन जांभ्याची, म्हणजे अर्थिंगसाठी अवघड. पाऊस चार महिने भिंतींत मुरतो. पावसाच्या तोंडावर आणि परत ऑक्टोबरात विजा कडकडतात. मीटर बऱ्याचदा गडग्यापाशी, रस्त्यालगत, आणि घर आत माडांच्या पलीकडे. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधलं वायरिंग जसंच्या तसं इथे आणलं तर दिवे लागतील, पंखे फिरतील, पण माणूस सुरक्षित राहीलच असं नाही.

पुढचं सगळं अशा घरासाठी लिहिलं आहे: सिंगल फेज जोडणी, पाच किलोवॅटच्या आसपास लोड, एखादा एसी, गीझर, विहिरीवर एक एचपीची मोटर, इन्व्हर्टर, आणि वर्षातले बरेच महिने दाराला कुलूप. काम लायसन्सधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्या. नवी जोडणी घेताना त्याचा टेस्ट रिपोर्ट लागतोच. पण काय घालायचं हे तुम्हाला स्वतःला ठाऊक असू द्या, कारण सामानाची यादी घेऊन दुकानात जाणार तुम्ही आणि त्या घरात राहणार तुमची माणसं.

पहिलं काम: लोड कागदावर मांडा

प्रत्येक उपकरणाच्या वॅटला 230 ने भागलं की अँपिअर मिळतात. दोन किलोवॅटचा गीझर नऊ अँपिअरच्या आत, तीन किलोवॅटचा तेरा. पाच किलोवॅटचा एकूण लोड बावीस अँपिअर. मोटर चालू असताना सात-आठ अँपिअर घेते, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट ओढते, ते पुढे एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच) निवडताना लक्षात ठेवायचं.

मग सर्किटं पाडा. दिवे-पंख्यांच्या एका सर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट नकोत आणि एकूण लोड 800 वॅटच्या आत. सोळा अँपिअरचे सॉकेट एका सर्किटवर दोनच. गीझर, एसी, मोटर प्रत्येकी स्वतंत्र. फ्रिजही स्वतंत्र. आणि इथे माझा आग्रह आहे: पडवीतले, खळ्यातले, गेटवरचे दिवे आणि मोटर हे सगळं बाहेरचं प्रकरण घराच्या आतल्या सर्किटांपासून पूर्ण वेगळं ठेवा, न्यूट्रलसकट. पावसाळ्यात गळती सुरू होते ती बाहेरूनच.

मीटर ते घर: आर्मर्ड केबल

दुकानात "शील्ड असलेली केबल" मागितली तर दोन अगदी निराळ्या वस्तू समोर येऊ शकतात. वीज वाहून नेणाऱ्या केबलवर जी पोलादी तारांची किंवा पट्ट्यांची वेटोळी असतात ते आर्मर. ते पहार, कुदळ, घूस, उंदीर यांच्यापासून केबलला वाचवतं. सिग्नलच्या केबलवर जी पातळ फॉइल किंवा जाळी असते ती शील्ड. ती विद्युत गोंगाट अडवते, पहारीचा घाव नाही. मीटरपासून घरापर्यंत जमिनीतून जायचं ते आर्मर्ड केबलनेच. साधी वायर पीव्हीसी पाइपात घालून पुरणं हा पैसे वाचवण्याचा मार्ग नाही; पाइपात पाणी साठतंच.

केबलच्या अंगावर इंग्रजी अक्षरांत कोड छापलेला असतो. सुरुवातीला "ए" असेल तर आतली तार अ‍ॅल्युमिनियमची, नसेल तर तांब्याची. "वाय" म्हणजे पीव्हीसी, "टू-एक्स" म्हणजे एक्सएलपीई (दोन्ही प्लॅस्टिकचेच प्रकार), "डब्ल्यू" म्हणजे गोल तारांचं आर्मर, "एफ" म्हणजे चपट्या पट्ट्यांचं. म्हणून ए-टू-एक्स-एफ-वाय ही अ‍ॅल्युमिनियम तारेची, एक्सएलपीई इन्सुलेशनची, पट्टी आर्मरची केबल. पीव्हीसीचं इन्सुलेशन 70 अंश तापमानापर्यंत चालतं, एक्सएलपीईचं 90 पर्यंत, आणि एक्सएलपीई ओल जास्त चांगली सोसतं. मी एक्सएलपीईच घ्यायला सांगेन. पीव्हीसीच्या आर्मर्ड केबलसाठी मानक आयएस 1554, एक्सएलपीईसाठी आयएस 7098.

जाडी ठरवताना केबल किती अँपिअर सोसेल यापेक्षा अंतरात किती व्होल्टेज पडेल हे जास्त महत्त्वाचं. समजा मीटर ते घर साठ मीटर. वीज जाते आणि परत येते, म्हणून हिशोब 120 मीटरचा. 10 चौरस मिलिमीटरच्या अ‍ॅल्युमिनियम तारेचा रोध किलोमीटरला 3.08 ओहम. बावीस अँपिअरवर 3.08 × 0.12 × 22, म्हणजे आठ व्होल्टच्या वर पडतात. 16 चौरस मिलिमीटर घेतली तर रोध 1.91 ओहम आणि पडतात पाच व्होल्ट. तापलेल्या केबलला यात आणखी थोडी भर पडते. खांबावरच संध्याकाळी व्होल्टेज कमी मिळत असेल तर हे तीन व्होल्ट मोटरला आणि फ्रिजला जाणवतात. साठ मीटरला दोन कोअरची 16 ची अ‍ॅल्युमिनियम केबल हा योग्य मध्य. वीस-पंचवीस मीटरच असेल तर 10 ची पुरते.

पुरताना चर पाऊण मीटर खोल हवा. जांभ्यात खणणं जिवावर येतं आणि मजूर हातभरावर थांबतात. तिथे उभं राहून खोली मोजून घ्या. तळाला बारीक वाळू, त्यावर केबल, परत वाळू, मग विटा किंवा जुनी मंगलोरी कौलं, त्यावर धोक्याची पिवळी-लाल फीत आणि मग माती. कौलं उतरवलेली असतातच, त्यांचा हा उत्तम उपयोग: पुढे कोणी माड लावायला खणलं तर पहार आधी कौलावर बसते. वळणावर केबल मुडपू नका. वळणाची त्रिज्या केबलच्या व्यासाच्या किमान बारा पट ठेवा. मधे जोड अजिबात नको, लागेल तेवढी एकसलग केबल घ्या.

दोन्ही टोकांना ग्लँड, म्हणजे केबल पेटीत शिरते तिथे तिला पकडून ठेवणारा भाग, पितळी आणि केबलच्या मापाची हवी. आर्मर त्या ग्लँडमध्ये घट्ट पकडलं गेलं पाहिजे आणि तिथून अर्थला जोडलं गेलं पाहिजे. आर्मर नुसतं कापून टेपने गुंडाळून ठेवलेलं दिसलं तर काम तिथेच थांबवा. केबल आतून फुटून फेज त्या पोलादाला लागली तर साठ मीटर लांबीचा जिवंत पोलादी दोर तुमच्या अंगणात पुरलेला असेल. अ‍ॅल्युमिनियमच्या टोकाला लग (तारेवर बसणारं धातूचं टोपण) क्रिंप करूनच, म्हणजे औजाराने दाबून बसवूनच, जोडणी करा, आणि तांब्याशी गाठ पडत असेल तिथे बायमेटल लग वापरा. समुद्राच्या खाऱ्या हवेत अ‍ॅल्युमिनियम आणि तांब्याची उघडी जोड फार लवकर खराब होते, तापते, आणि जळते.

केबलचं संरक्षण तिच्या सुरुवातीला हवं, शेवटी नाही. मीटरच्या पुढे लगेच पाणी न शिरणाऱ्या पेटीत 32 अँपिअरचा डबल पोल एमसीबी आणि 100 मिलिअँपिअरचा, "एस" खुणेचा, म्हणजे किंचित उशिरा पडणारा आरसीसीबी (वीज गळू लागली की तोडणारा स्विच) बसवा. तालुक्याच्या दुकानात तो सहसा हाताशी नसतो, ऑर्डर द्यावी लागते. उशिरा पडणारा यासाठी की घरातल्या बिघाडाने घरातलाच पडावा आणि रात्री पावसात कोणाला गडग्यापर्यंत जावं लागू नये.

घरातली वायर

घरात तांब्याचीच, आयएस 694 ची, लवचीक वायर. जाडी अशी: दिवे-पंख्यांना 1.5 चौरस मिलिमीटर, सोळा अँपिअरच्या सॉकेटला आणि दोन किलोवॅटच्या गीझरला 2.5, एसीला आणि तीन किलोवॅटच्या गीझरला 4. दिव्यांना 1 ची चालते असं वायरमन सांगतील आणि हिशोबाने ते बरोबरही आहे. पण भिंतीतून वायर परत ओढण्याचा खर्च पाहता मी 1.5 सोडणार नाही. विहीर तीसेक मीटरच्या पुढे असेल तर मोटरसाठी 4 ची आर्मर्ड.

"एफआर" लिहिलेली वायर पेट घेतल्यावर आग पुढे सरकू देत नाही. "एफआर-एलएस" धूरही कमी करते. लाकडी माळा आणि वासे असलेल्या घरात हॅलोजनमुक्त वायर सर्वांत चांगली, कारण आगीत माणसं आधी धुराने गुदमरतात. पैसे तेवढे नसतील तर निदान एफआर-एलएस घ्या.

नकली वायर ओळखायला वेळ काढा. वीतभर तुकडा घ्या, एका टोकाचं इन्सुलेशन सोला आणि तारा पांढऱ्या कागदावर मोकळ्या करून मोजा. प्रत्येक तार 0.3 मिलिमीटरची असेल तर 1.5 च्या वायरमध्ये अशा 22 तारा भरतात, 2.5 मध्ये 36, 4 मध्ये 56. मग त्यातली एक तार ब्लेडच्या धारेखाली खरवडा. आत लालसरच राहिली तर तांबं. चंदेरी दिसली तर अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे, ते बंडल परत करा. इन्सुलेशनवर आयएसआय खूण आणि खाली लायसन्स क्रमांक छापलेला असतो. भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर तो क्रमांक टाकून खरा की खोटा ते कळतं. बंडल 90 मीटरचं असतं, कमी भरतंय का तेही बघा. जुने वायरमन अजून "तीन-वीस", "सात-वीस" अशी गेजची भाषा बोलतात. यादीत चौरस मिलिमीटरच लिहून द्या म्हणजे घोळ होत नाही.

अर्थची वायर हिरवी, न्यूट्रल काळी, फेज लाल, पिवळी किंवा निळी. रंग संपला म्हणून दुसरा चालवू देऊ नका. ओलसर जांभ्याच्या भिंतीत 25 मिलिमीटरची जाड कंड्युट (वायर ओढायचा पाइप) घाला आणि ती निम्म्यापेक्षा कमीच भरा.

एमसीबी कोणासाठी असतो

एमसीबी भिंतीतल्या वायरला वाचवतो. उपकरणाला नाही, माणसाला तर नाहीच. म्हणून त्याचा आकडा वायर पाहून ठरतो. कंड्युटमधली 1.5 ची वायर साधारण 14 अँपिअर सोसते, तिला 10 चा एमसीबी. 2.5 ची साधारण 19 सोसते, तिला 16 चा. 4 ची साधारण 26, तिला 20 चा. मधे एवढी जागा का ठेवायची? मानकाप्रमाणे एमसीबी त्याच्या आकड्याच्या 1.13 पटीपर्यंत तासभर पडता कामा नये, आणि 1.45 पटीला तासाभरात पडलाच पाहिजे. म्हणजे 16 चा एमसीबी 23 अँपिअर जवळजवळ तासभर वाहू देऊ शकतो, आणि तेही नियमात बसून. वारंवार पडतो म्हणून 16 काढून 32 चा बसवणं म्हणजे ती वायर जाळायला परवानगी देणं. पडतोय तर सर्किटवरचा लोड वाटून द्या.

"बी", "सी" आणि "डी" ही अक्षरं शॉर्टसर्किटला किती पटीला क्षणात पडायचं ते सांगतात: बी तीन ते पाच, सी पाच ते दहा, डी दहा ते वीस पट. दिवे, गीझर यांना बी किंवा सी. एसी आणि मोटरला सी. घरात डी नको.

अर्थिंग आणि आरसीसीबी: इथे काटकसर करू नका

आपल्याकडे एक समज घट्ट बसला आहे: अर्थिंग केलं की शॉक लागत नाही. जांभ्याच्या जमिनीवर तो समज जिवावर बेतू शकतो. आकड्यांत बघा. फ्रिजमध्ये फेज पत्र्याला लागली. पत्रा अर्थला जोडलेला आहे आणि तुमच्या अर्थिंगचा रोध आहे 10 ओहम, जो कातळावर मिळाला तरी नशीब म्हणावं. ट्रान्सफॉर्मरकडचा रोध सोडून दिला तरी प्रवाह 230 भागिले 10, म्हणजे 23 अँपिअर. आणि वर पाहिलंच, 23 अँपिअरला 16 चा एमसीबी तासभर गप्प बसू शकतो. तेवढा वेळ फ्रिजच्या अंगावर दोनशेच्या आसपास व्होल्ट उभे आणि स्वयंपाकघरात कोणीतरी ओल्या हाताने दार उघडणार.

आरसीसीबी हेच काम वेगळ्या रीतीने करतो. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह तो सतत ताडून पाहतो. फरक 30 मिलिअँपिअर झाला की तोडतो, आणि फरक मोठा असेल तर 40 मिलिसेकंदांत. आता तोच फ्रिज घ्या आणि अर्थिंग 100 ओहम इतकं वाईट धरा: प्रवाह 2.3 अँपिअर, म्हणजे 2300 मिलिअँपिअर. आरसीसीबी त्याच क्षणी पडतो. कातळावरच्या घराला खरा आधार त्याचाच. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांतही घरगुती जोडणीला 30 मिलिअँपिअरचीच मर्यादा आहे.

मात्र अर्थिंग सोडून नुसत्या आरसीसीबीवर विसंबू नका. अर्थ नसेल तर बिघाडाला जमिनीत जायला वाट माणसाच्या अंगातूनच मिळते आणि आरसीसीबी पडतो तो माणसाला झटका बसल्यावर. शिवाय एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरलं तर आरसीसीबीला काहीच फरक दिसत नाही.

अर्थिंगसाठी जागा निवडा ती न्हाणीघराचं पाणी जातं त्या बाजूला किंवा विहिरीकडे, घराच्या पायापासून दीड मीटर तरी लांब. अडीच मीटरचा जीआय पाइप उतरवायला कातळ फोडावा लागेल. भोवती मीठ-कोळशाऐवजी बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) भरा, मीठ लोखंड खातं. एका खड्ड्यात रोध उतरत नसेल तर दुसरा पाइप पहिल्यापासून पाइपाच्या लांबीएवढ्या तरी अंतरावर पुरून दोन्ही जोडा. पाच ओहमचं लक्ष्य ठेवा. आणि मोजणी मे महिन्यात करा. जुलैत चिंब जमिनीवर मिळालेला आकडा खोटा दिलासा देतो.

आरसीसीबी "एसी" आणि "ए" अशा दोन प्रकारांत येतो. इन्व्हर्टर एसी, नवी वॉशिंग मशीन, संगणक यांतून जी गळती होते ती "एसी" प्रकाराला नीट कळत नाही. "ए" घ्या, त्याच्या अंगावर लाटेच्या चिन्हाशेजारी अर्ध्या लाटांचं चिन्हही असतं. त्याचा अँपिअरचा आकडा आधीच्या एमसीबीपेक्षा मोठा हवा, म्हणजे इथे 40.

सगळ्या घराला एकच आरसीसीबी लावला की पहिल्या पावसात गेटचा दिवा भिजतो, अख्खं घर अंधारात जातं, फ्रिज वितळतो, आणि कोणीतरी वैतागून आरसीसीबीच काढून टाकतो. हे मी फार घरांत पाहिलं आहे. म्हणून गट पाडा: आतल्या सर्किटांना एक आरसीसीबी, फ्रिजला स्वतःचा आरसीबीओ (यात एमसीबी आणि आरसीसीबी एकत्र असतात), बाहेरच्या दिव्यांना एक आरसीबीओ, मोटरला एक. इन्व्हर्टरवर चालणाऱ्या दिव्यांसाठी इन्व्हर्टरच्या आऊटपुटवर निराळा आरसीसीबी लागतो, कारण लाइट गेल्यावर मेनवरचा त्यांच्या कामाचा नसतो.

या मांडणीत वायरमन सर्वांत जास्त चुकतात ते न्यूट्रलमध्ये. प्रत्येक गटाचा न्यूट्रल त्याच गटाच्या आरसीसीबीवर परतला पाहिजे. बोर्डात दोन गटांचे न्यूट्रल एकत्र पिळले की बटण दाबताच आरसीसीबी पडतो आणि दोष वस्तूला लागतो. डीबीत, म्हणजे जिथून सगळी सर्किटं फुटतात त्या पेटीत, प्रत्येक गटाची न्यूट्रल पट्टी वेगळी लावून घ्या.

विजा आणि तुटलेला न्यूट्रल

लाइन खांबावरून येते, तेव्हा डीबीत सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे एसपीडी, लावाच. साध्या घराला टाइप 2. गच्चीवर किंवा कौलांवर तडितरक्षक असेल तर टाइप 1 आणि 2 एकत्र असलेला. फेज-न्यूट्रल आणि न्यूट्रल-अर्थ अशा दोन भागांचा घ्या. त्याच्या जोडणीच्या तारा दोन्ही मिळून अर्ध्या मीटरच्या आत हव्यात, नाहीतर विजेचा झोत तारेतच व्होल्टेज उभं करतो आणि एसपीडी नावापुरता राहतो. खिडकी हिरवी असली की तो जिवंत, लाल झाली की बदलायचा.

खांबावर न्यूट्रल तुटला तर घरात 230 ऐवजी चारशेच्या जवळपास व्होल्ट येऊ शकतात. यावर एमसीबी, आरसीसीबी, एसपीडी कोणाचाही इलाज नाही. ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर डीबीत मेन स्विचनंतर बसतो आणि घर बंद असताना फ्रिज, टीव्ही वाचवतो.

सिग्नलच्या शील्डेड केबली

गेटवरचा कॅमेरा, इंटरनेटचा राउटर, टाकीतला पाण्याचा सेन्सर यांच्या केबली विजेच्या कंड्युटमधून नेऊ नका. फूटभर अंतर ठेवा आणि ओलांडायचंच असेल तर काटकोनात. मोटरच्या केबलशेजारून जायला पर्याय नसेल तिथे शील्डेड घ्या. तिची शील्ड निदान एका टोकाला अर्थ झालीच पाहिजे. दोन्हीकडे लोंबकळती ठेवलेली शील्ड निरुपयोगी. लॅन केबलला त्यासाठी धातूच्या वेष्टनाचे जॅक लागतात. गेटपर्यंत लांब नेट न्यायचं असेल तर माझं मत सरळ फायबरच्या बाजूने आहे, त्यातून वीज येत नाही.

काम ताब्यात घेताना

पैसे चुकते करण्याआधी ठेकेदाराला मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजायचं यंत्र) घेऊन बोलवा. सगळी उपकरणं काढून 500 व्होल्टवर फेज-न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधला इन्सुलेशन रोध एक मेगाओहमपेक्षा कमी येता कामा नये. नव्या वायरिंगला तो त्याच्या कितीतरी पट येतो, म्हणून एकच्या जवळ आला तरी कुठे वायर सोलली गेली ते शोधायला लावा. अर्थ टेस्टरने खड्ड्याचा रोध मोजून डीबीच्या दारावर आतून तारखेसह लिहून ठेवा. प्रत्येक सॉकेटच्या अर्थपर्यंत सलगता तपासा, विशेषतः न्हाणीघर आणि स्वयंपाकघर. कोणता स्विच कशाचा हे मराठीत लिहिलेल्या चिठ्ठ्या लावून घ्या, म्हणजे घरातल्या आजीलाही कळेल.

आरसीसीबीवरचं "टी" बटण महिन्यातून एकदा दाबायचं. तो पडला नाही तर त्याच दिवशी बदलायचा. घर बंद करून जाताना मोटर, गीझर आणि बाहेरच्या दिव्यांचे आरसीबीओ खाली पाडा. फ्रिज रिकामा केला असेल तर मेन स्विचच बंद करा; कॅमेरा चालू ठेवायचा असेल तर त्याचं सर्किट आणि एसपीडी चालू राहतील एवढंच ठेवा. परत आल्यावर मेन चालू करण्याआधी डीबीचं झाकण उघडून वाळवी, ओल आणि एसपीडीची खिडकी बघा, आणि मग एकेक सर्किट वर करा.